दोन ठोके

१

शरच्चंद्र आगटे मिक्सर लावण्याआधीसुद्धा त्यावर दोनदा ठोकायचे. मिक्सर असो, कपडे धुवायचं मशीन असो की गीझर, मधल्या बोटाच्या पेरानं दोन ठोके, तीन श्वास जातील इतकं थांबणं आणि मगच बटण. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली तरी सुहासिनीबाईंची या प्रकारावरची चेष्टा काही संपली नव्हती.

"काय म्हणतेय चटणी? आहे का कुणी आत?"

"कुणी नाही," शरच्चंद्र गंभीरपणे सांगायचे आणि बटण दाबायचे.

ही सवय कारखान्यातली. देखभाल विभागात चौतीस वर्षं काढली होती त्यांनी. तिथले पंखे भट्टीला हवा पुरवणारे, माणूस उभा राहील एवढ्या पत्र्याच्या पोकळीत बसवलेले. साफसफाईला, बेअरिंग बदलायला माणसाला आत शिरावं लागे, आणि तो आत असताना बाहेरच्यानं बटण दाबलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. कुलपं आणि लाल पाट्या पुढे आल्या. त्याआधी होता तो भैरू फिटरचा नियम.

"आधी ठोक," भैरूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "दोनदा. म्हंजी तू इचारलंस, हाय का रं कुनी आत? आतला दोनदा ठोकून सांगतो, हाय. मग त्यो भाईर येऊन तुझ्या म्होरं उभा ऱ्हाईस्तवर बटनाला हात लावायचा न्हाई. आन् ज्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्याच्या वतीनं ठोकायचं न्हाई. त्यो आत मरून पडला असंल, तर तू कुनाला जित्ता म्हून सांगतुयास?"

चौतीस वर्षांत आगट्यांच्या हाताखाली एकाही माणसाचं बोटसुद्धा गेलं नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे कान. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की कुठलं बेअरिंग कधी बसणार हे ते सांगायचे. अशा माणसाच्या बायकोला ऐकू येईनासं व्हावं, याला काय म्हणायचं! सुहासिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि चार-पाच वर्षांत दोन्ही कान गेले. श्रवणयंत्र लावलं की भागायचं, पण उशीवर डोकं टेकलं की ते शिट्ट्या मारायचं. त्यात गेल्या दिवाळीत त्यांच्या हृदयानं दगा देऊन पाहिला. थोडक्यात निभावलं. दुपारी दोन तास आडवं व्हायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून दीड वाजता यंत्र डबीत जायचं आणि त्या गाढ झोपायच्या. साडेतीनला शरच्चंद्र खांद्याला हात लावून उठवत आणि चहा पुढे करत. हात लावायच्या आधी दर दुपारी ते एक क्षण बायकोची छाती हलते आहे ना ते बघत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या इमारतीत दुपारी तसंही कुणी जागं नसे. शेजारचा संजय रात्रपाळी करून यायचा आणि कानात बोळे घालून जो पडायचा तो संध्याकाळीच उठायचा.

२

गल्लीत दोन इमारती सोडून पलीकडे, तळमजल्यावर, पूर्वी चपलांचं गोदाम होतं. तिथे आता आमोदनं पिनबॉल आणला होता. आमोद आयटीतली नोकरी सोडलेला, तिशीचा, उत्साही मुलगा. चार यंत्रं परदेशातून मागवलेली, पलंगाएवढी. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर दिवे आणि अडथळे, त्यांतून घरंगळत येणारी पोलादी गोळी. दोन्ही बाजूंची बटणं दाबून तिला परत वर फटकारायचं. पोरं तिथे संध्याकाळभर पडून असायची.

"काका, गेम्सचा प्रॉब्लेमच नाहीये," आवाजाचं काही होतं का बघायला बोलावलेल्या शरच्चंद्रांना आमोद म्हणाला. "बेसिकली, पॉवर सप्लायचे फॅन. यंत्र नुसतं ऑन असलं तरी हे असं चालू."

हे असं म्हणजे चार पिठाच्या गिरण्या एकदम लागाव्यात असं. यंत्रांच्या पोटात वीज पुरवणारी पत्र्याची पेटी होती, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, आणि तिच्या पाठीला तळहाताएवढा पंखा. पंख्यांची बेअरिंगं खलास झाली होती. वर त्या पेट्या लाकडी तळाला कच्चून आवळलेल्या, त्यामुळे सगळं खोकंच घुमत होतं. वरच्या मजल्यावर विमलाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी दोन पानी तक्रार लिहून सोसायटीला दिली होती आणि तिसरं पान राखून ठेवलं आहे, असं आमोदला समक्ष येऊन सांगितलं होतं.

"दुपारी बंद ठेवतोस ना? मग एक ते चार मी येत जाईन," शरच्चंद्र म्हणाले. "तुझी पोरं आजूबाजूला नकोत."

चौथ्या यंत्रापाशी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची होती. ते टेकायला गेले तसा आमोद चुळबुळला.

"काका, ती नको. अनंतकाकांची आहे. इथे लक्ष ठेवायला असायचे ते. लास्ट मंथ गेले. ह्याच खुर्चीत, दुपारी. मी जेवायला गेलो होतो. हार्ट, म्हणाले डॉक्टर."

"यंत्रं चालू होती?"

"गेम्स नव्हत्या चालू. फॅन होते. तेव्हा दुपारीपण ऑन ठेवायचो मी."

शरच्चंद्रांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि जमिनीवर फतकल मारली.

काम त्यांच्या आवडीचं होतं. पासोड्या विठोबाजवळच्या सुट्या भागांच्या गल्लीतून त्यांनी नवे, संथ चालणारे पंखे आणले. पेटी उघडायच्या आधी दहा मिनिटं प्लग काढून ठेवायची, आत साठलेली वीज उतरू द्यायची. जुना पंखा काढायचा, धूळ ब्रशनं झाडायची. नव्या पंख्याच्या वायरीत छोटा रेझिस्टर, म्हणजे तो आणखी सावकाश फिरेल. पेटी आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या चकत्या. मग तासभर चालवून पेटी तापत नाही ना ते बघायचं. आणि प्रत्येक वेळी प्लग लावायच्या आधी, सवयीनं, दोन ठोके.

तीन दुपारींत तीन यंत्रं गप्प झाली. तिसऱ्या दिवशी शरच्चंद्रांना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. ते खूश झाले आणि साडेतीनच्या चहाला वेळेवर पोचले.

३

चौथं यंत्र चौथ्या दुपारी झालं. पेटी बंद करून जागेवर बसवली होती. प्लग मोकळा पडला होता. सकाळपासून यंत्राला वीज नव्हती. शरच्चंद्रांनी पेटीवर दोनदा ठोकलं.

एक श्वास. दुसरा.

आतून दोन ठोके आले.

ते मोठे नव्हते. पेरानं पत्र्यावर वाजवावेत तसेच, त्याच अंतरानं. शरच्चंद्र गुडघ्यावर होते ते तसेच राहिले. भीतीच्या आधी त्यांना राग आला. चौतीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला डब्याएवढ्या पेटीनं उत्तर द्यावं म्हणजे काय?

तापलेला पत्रा निवताना टकटक करतो. पण हा गारच होता. सुटा स्क्रू? त्यांनी पेटी काढून हलवली. काही खुळखुळलं नाही. उंदीर? उंदीर मोजून दोनदा ठोकत नाही आणि मध्ये सारखं अंतर सोडत नाही. खात्री करायची म्हणून त्यांनी आणखी दोन ठोके दिले, चांगले दणकून.

आता आतून काही आलं नाही. त्यांनी चारही स्क्रू काढून झाकण उघडलं. हिरवी पट्टी, तांब्याची वेटोळी, त्यांनीच बसवलेला पंखा. मुंगीलाही जेमतेम जागा.

शहाण्या माणसानं झाकण लावून प्लग खोचला असता. शरच्चंद्रांनी यंत्राचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

सव्वातीनला आमोद आला. "झालं काका? ऑन करा ना."

"नाही करणार. आत कुणीतरी आहे."

आमोद हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "काका, कुणी म्हणजे? ह्यात माणूस कसा बसेल?"

"ते मला विचारू नकोस. मी ठोकलं, आतून उत्तर आलं. एकदा उत्तर आलं की माणूस बाहेर येऊन समोर उभा राहिल्याशिवाय बटण नाही. माझ्या हयातीत हा नियम मोडलेला नाही आणि तुझ्या खेळण्यासाठी मोडणार नाही."

"पण उद्या संध्याकाळी टुर्नामेंट आहे!"

"मग तीन यंत्रांवर खेळा," शरच्चंद्र म्हणाले आणि फ्यूज खिशात घेऊन घरी गेले.

४

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला ते पुन्हा आले, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी विमलाबाई उभ्या होत्या.

"तुम्हीच ना ते आवाज बंद करणारे? बरं केलंत. तिसरं पान लिहायचं वाचलं माझं." त्यांच्या बोलण्यात हे आभार होते. "त्या अनंतरावांच्या वेळी केलं असतंत तर आणखी बरं झालं असतं. कुणाला ऐकू तरी आलं असतं."

"काय ऐकू आलं असतं?"

"ठोकणं. मला वर फरशीतून येत होतं. पंख्यांची घरघर चालूच होती, तिच्याखालून. दोन ठोके, मग थोडं थांबून दोन, मग पुन्हा दोन. दार कुणी उघडत नसलं की माणूस पुन्हा पुन्हा वाजवतो ना, तसं. म्हटलं, आता हाही त्रास. चष्मा घातला, भांडायला निघाले."

"मग?"

"मग खट्ट आवाज झाला. बटण दाबल्यासारखा. आणि ठोकणं बंद. खाली आले तर पंखे चालू, दिवे चालू, आणि अनंतराव खुर्चीत." त्यांनी चष्मा सारखा केला. "दिवे तर काही बंद झाले नव्हते. मग बटण कशाचं दाबलं गेलं, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा."

५

शटर अर्धं ओढून शरच्चंद्रांनी चौथ्या यंत्राची काच काढली. गोळीची फळी उचलून काठीच्या टेकूवर उभी केली आणि आत वाकले. आज सगळं खोकं तपासायचं, एकूण एक सांधा पिळून बघायचा, असं ठरवून आले होते. डोकं, खांदे, दोन्ही हात यंत्राच्या पोटात होते. आत लाकडाचा आणि जुन्या धुळीचा वास होता. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंखे गप्प होते. इतकं शांत त्यांनीच केलं होतं.

तेव्हा बाहेरून, त्यांच्या कमरेशी, यंत्राच्या लाकडावर दोन ठोके पडले.

शरच्चंद्र आतल्या आत थिजले. फळीच्या आणि खोक्याच्या फटीतून बाहेरचा पट्टाभर दिसत होता. फरशी, अनंतकाकांच्या खुर्चीचे दोन पाय. कुणाचीही पावलं नव्हती. आणि त्या क्षणी त्यांना आपली कालची चूक कळली. कान एवढे तयार, पण अर्थ उलटा लावला होता. विचारायचे ठोके दोन आणि सांगायचेही दोन. त्यांना वाटलं होतं, आतल्यानं उत्तर दिलं. ते उत्तर नव्हतंच. त्यांनी ठोकलं तसंच पलीकडच्यानंही विचारलं होतं. आत आपणच होतो. कशाच्या आत, ते त्यांना कळेना. आणि आपण चुकून पुन्हा दणकून ठोकलं, तेच उत्तर ठरलं, म्हणून आज इथे वाकलेले आहोत.

अनंतकाकांना मात्र पंख्यांच्या आवाजात ऐकूच गेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा दोन ठोके पडले.

हातात पाना होता. खोटं कशाला बोला, शरच्चंद्रांना भीती वाटत होती. पण या वयात, कुणीतरी तोंड न दाखवता आपल्याला विचारतं आहे, याची चीड त्या भीतीहून मोठी होती.

"आहे!" ते यंत्राच्या पोटातून ओरडले आणि त्यांनी पाना लाकडावर हाणला. एकदा. दोनदा. "मी आहे आत! हात लावायचा नाही!"

त्यांनी तीन श्वास मोजले.

मग ठोके तिसऱ्या यंत्रावर पडले, रिकाम्या, बंद यंत्रावर. मग दुसऱ्यावर. पहिल्यावर. मग शटरच्या पत्र्यावर. शरच्चंद्र बाहेर आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. शटरखालून वाकून गल्लीत आले. भर उन्हात, दोन वाजून दहा मिनिटांनी, गल्लीच्या दिव्याचा लोखंडी खांब दोनदा वाजला. कुणीच मान वर केली नाही, कारण मान वर करायला कुणी नव्हतंच. मग एक फाटक. मग दुसरं.

तिसरं फाटक त्यांच्या इमारतीचं होतं. कानात यंत्र नसलेली सुहासिनी तिथे झोपली होती.

शरच्चंद्र धावले. एकाहत्तराव्या वर्षी, पायजम्यात, हातात पाना घेऊन, छातीत कळ येईपर्यंत धावले. फाटकातून शिरले तेव्हा पहिल्या मजल्याच्या कठड्याची सळी वाजत होती. जिना चढताना दुसऱ्या मजल्याची वाजली. त्यांचं घर दुसऱ्याच मजल्यावर होतं.

६

किल्ली कुलपात जाईना. दार उघडलं तेव्हा आतल्या खोलीतून पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर पडलेले दोन ठोके त्यांना स्वच्छ ऐकू आले. हे पहिले की दुसरे, ते समजायला मार्ग नव्हता.

सुहासिनीबाई कुशीवर झोपल्या होत्या. चेहरा शांत होता. छाती हलते आहे की नाही, ते दारातून कळत नव्हतं. दाराला लागून भिंतीवर विजेच्या बटणांचा बोर्ड होता. तो त्यांनी स्वतः बसवलेला. पाच बटणं, पंख्याचं, ट्यूबचं, रात्रीच्या दिव्याचं आणि दोन प्लगची.

आता बोर्डावर सहा बटणं होती.

सहाव्यावर अंगठा होता. दाराच्या पडद्याच्या कडेतून तेवढाच पुढे आलेला, पहिल्या पेरापर्यंत. नख चपटं, कधीतरी हातोडीखाली सापडल्यासारखं काळं. घाई नव्हती त्याला. टेकला होता नुसता. कामाच्या माणसाचा अंगठा टेकतो तसा.

"आहे!" शरच्चंद्रांनी पाना चौकटीवर हाणला. एकदा, दोनदा. "आहे ती आत!"

अंगठा हलला नाही. फळीवर पुन्हा दोन ठोके पडले.

ज्याचं त्यानं सांगायचं. भैरूचा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता आणि आज तोच समोर उभा राहिला होता. बटण खाली झुकू लागलं. त्याची स्प्रिंग दबल्याचा बारीक आवाज त्यांच्या त्या तयार कानांना ऐकू आला. शरच्चंद्र पलंगावर कोसळल्यासारखे बसले. त्यांनी सुहासिनीबाईंचा उजवा हात धरला, बोटं मुडपली आणि त्यांची पेरं फळीवर आपटली.

एक. दोन.

"अहो! बोटं मोडाल माझी!" सुहासिनीबाई ओरडून उठल्या. "काय चाललंय काय हे? आग लागलीय का?"

पडदा हलला. बोर्डावर पाच बटणं होती.

शरच्चंद्र त्यांचा हात धरून रडले. सेहेचाळीस वर्षांत सुहासिनीबाईंनी हे पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हातानं डबी चाचपून यंत्र कानात घातलं आणि म्हणाल्या, "आता सांगा."

७

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोन प्रश्न विचारले, गणिताच्या बाईंनी विचारावेत तसे. ठोक्यांमध्ये अंतर किती? विचारतो किती वेळा? मग स्वतःची लाल झालेली पेरं बघत बसल्या.

"तुम्हाला वेड लागलंय असं म्हणावं, तर मग माझा हात कुणी आपटला?" त्या म्हणाल्या. "पण मला ऐकूच येत नाही. झोपेत मी काय कपाळ उत्तर देणार? आणि तुम्ही काय चोवीस तास हात धरून बसणार?"

शरच्चंद्र उठले. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणून त्यांनी टोक पलंगाच्या फळीवर टेकवलं. सुहासिनीबाईंच्या कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. मग पायांकडच्या फळीवर बोटानं दोनदा वाजवलं.

सुहासिनीबाईंचे डोळे मोठे झाले. "आले. दोन." मूठ तशीच धरून त्या म्हणाल्या, "परत वाजवा ना." ते वाजवत राहिले आणि त्या मोजत राहिल्या. यंत्राशिवाय काही ऐकू आल्याला त्यांना सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी आमोदचा फोन येऊन गेला. "फ्यूज?" "माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील," शरच्चंद्रांनी सांगितलं. दीड वाजता दोघं पलंगावर आडवी झाली. सुहासिनीबाईंनी ड्रायव्हरची मूठ हाडाला लावली होती आणि उशाशी लाटणं ठेवलं होतं. दुपार सरकत होती. शरच्चंद्रांना खाली नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी फळीवर दोन ठोके पडले.

शरच्चंद्रांनी तोंड उघडायच्या आत सुहासिनीबाईंनी लाटणं उचललं आणि फळीवर असे दोन दणके दिले की भिंतीवरचं कॅलेंडर निखळून पडलं.

"आहे!" त्या मुलींच्या वर्गाला दरारा बसेल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि एक ते चार कुणाच्या दाराशी जाऊ नये, एवढी साधी रीत शिकवली नाही का कुणी?"

शरच्चंद्रांनीही पेरानं दोन ठोके दिले, आपले स्वतःचे. मग बोर्डाकडे पाहिलं. पाच बटणं होती. सुहासिनीबाई हसत होत्या, आणि लाटणं त्यांनी अजून खाली ठेवलं नव्हतं.

मग पलीकडच्या भिंतीवर, संजयच्या घरात, दोन ठोके पडले.

दोघंही ऐकत राहिली. तो कानानं, ती नवऱ्याच्या चेहऱ्यावरून, असं म्हणायची आता सोय नव्हती. सुहासिनीबाईंनी ड्रायव्हर भिंतीला लावला होता. "उत्तर नाही," त्या म्हणाल्या. संजय कानात बोळे घालून झोपला होता. थोडं थांबून पुन्हा दोन ठोके पडले.

शरच्चंद्र पुण्यात जन्मले, पुण्यातच वाढले. उभ्या आयुष्यात त्यांनी दुपारी दोन वीसला कुणाची बेल वाजवली नव्हती. अनवाणी बाहेर येऊन त्यांनी संजयच्या बेलवर अंगठा ठेवला आणि काढलाच नाही. डाव्या हातानं दार बडवत राहिले.

आत काहीतरी धडपडलं. "कोण आहे रे? काय टाइम आहे का हा?"

"मी आगटे! संजय, तू आहेस का आत?"

"म्हणजे काय काका, आहेच ना!"

"तोंडानं नको सांगूस! दारावर दोनदा ठोक! आधी ठोक, मग हव्या तेवढ्या शिव्या दे!"

आतून काही आलं नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. मग दारावर संजयचे दोन ठोके पडले आणि त्यामागोमाग शिव्या आल्या, चांगल्या घसघशीत. शरच्चंद्रांनी बेलवरचा अंगठा उचलला आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले.

जिन्याच्या कठड्याची सळी वाजली. दोनदा. मग वरच्या मजल्याची.

मागे चपलांचा आवाज आला. सुहासिनीबाई कानात यंत्र अडकवत बाहेर आल्या होत्या. त्यांच्या एका हातात लाटणं होतं आणि दुसऱ्या हातात नवऱ्याच्या चपला.

"घाला," त्या म्हणाल्या. "वर चार बिऱ्हाडं आहेत. मी सावकाश चढणार आहे, तुम्ही पुढे व्हा."

शरच्चंद्रांनी चपला पायांत सरकवल्या. चार वाजून इमारत जागी व्हायला अजून दीड तास होता.